युद्धाची बातमी आणि ऑक्सिमीटर

परवा रात्री, झोपायच्या आधी फोन बघायचा नाही असं ठरवूनसुद्धा बघितला आणि सगळ्यात वर तीच बातमी, अमक्या देशाने तमक्यावर क्षेपणास्त्रं डागली, आता प्रत्युत्तर येणार, मोठं युद्ध पेटणार का वगैरे. देशांची नावं मुद्दाम लिहीत नाही कारण तुम्ही हे वाचाल तोवर ती बदललेली असतील. मी पडल्या पडल्या वाचत होते, एक बातमी, मग तिच्या खालची, मग त्यांच्या खालच्या कमेंट्स (त्या तर अजिबात वाचू नयेत), आणि हळूहळू छातीत काहीतरी गच्च झालं. श्वास पूर्ण आत जाईना असं वाटायला लागलं, मग जांभया, त्याही अर्धवट. शेवटी उठले, अंधारातच कपाटाचा खालचा ड्रॉवर उघडला, जुने चार्जर, सुकलेली पेनं, थर्मामीटर असं सगळं चाचपडत एक छोटीशी गार वस्तू हाताला लागली ती काढली आणि बोटाला लावली. ऑक्सिमीटर. इतक्या वर्षांत सेल उतरला असेल असं वाटलं होतं पण नाही, लाल दिवा लागला. ९७. मग ९८. मग परत ९७. एकदम बरं वाटलं आणि मी जाऊन झोपले.

सकाळी उठल्यावर मात्र ते खटकायला लागलं. बातमी युद्धाची होती आणि मी ऑक्सिजन मोजत होते. कुठल्या हिशोबाने? कुठेतरी हजारो किलोमीटरवर पडलेल्या क्षेपणास्त्राने माझ्या रक्तातला ऑक्सिजन कमी होणार होता का? नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, म्हणाला पुढच्या वेळी बीपी पण बघ. हसण्यासारखंच होतं ते. पण मला दिवसभर तो हात आठवत राहिला, म्हणजे माझाच हात, डोक्याने काही ठरवायच्या आधीच ड्रॉवरकडे गेलेला. त्याला रस्ता पाठ होता.

कोविडच्या त्या दिवसांत आमच्या घरी एक वही होती. सकाळ, दुपार, रात्र, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन. आईचे आकडे मी लिहायचे आणि माझे ती, कारण आपले आपण लिहिले की माणूस खोटं लिहितो असं तिचं मत. (बरोबर होतं.) तिची बोटं कायम गार, आणि गार बोटावर ते यंत्र धड दाखवत नाही, म्हणून ती आधी हात चोळायची, काखेत धरायची, आणि मग परीक्षेला बसल्यासारखं बोट पुढे करायची. ९३ आला की घरातले सगळे आवाज बंद. मग दुसरं बोट. ९६. मग सगळे परत बोलायला लागायचे. बाहेर जगाचं काय व्हायचं ते होवो, आमच्या घरात ९५ च्या वर म्हणजे सगळं ठीक आणि खाली म्हणजे पळापळ. इतका साधा हिशोब आयुष्यात त्याआधी कधी नव्हता आणि नंतरही कधी मिळाला नाही, आणि लिहायला विचित्र वाटतंय पण कधीकधी मला त्या हिशोबाची आठवण येते. त्या दिवसांची नाही, हिशोबाची.

हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघालं ते ताकुओ आओयागी नावाचे जपानी इंजिनियर. शरीरातून प्रकाश आरपार पाठवायचा आणि नाडीच्या ठोक्याबरोबर तो कसा कमीजास्त होतो त्यावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा, ही युक्ती त्यांनी १९७० च्या दशकात काढली. सुई नाही, रक्त काढणं नाही. पुढे कितीतरी वर्षं ते ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतच राहिलं, आपल्यासारख्यांना त्याचं नावही माहीत असायचं कारण नव्हतं. आणि आओयागी गेले १८ एप्रिल २०२० ला. म्हणजे त्यांचं यंत्र हॉस्पिटलातून निघून घराघरातल्या ड्रॉवरमध्ये येऊन पडायला लागलं नेमकं तेव्हाच. हे वाचलं तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं, ओळख ना पाळख. ज्या माणसामुळे माझी आई रात्री झोपू शकत होती त्याचं नाव मला तो गेल्यानंतर कळलं.

डॉक्टर मैत्रिणीला त्या रात्रीचं सांगितलं तर ती म्हणाली, अगं घाबरल्यावर दम लागतो ना, तेव्हा आपण उलट गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, छाती आवळली जाते आणि वाटतं काय तर हवा पुरत नाहीये. ऑक्सिजन मात्र ठणठणीत. "तुझा ९७ च येणार होता, युद्ध होवो नाहीतर न होवो." आणि मग ती जरा थांबून म्हणाली, कोविडमध्ये काही पेशंटचं बरोब्बर उलटं व्हायचं, आकडा घसरत असायचा आणि माणसाला त्रासच जाणवायचा नाही.

ते मला माहीत होतं. माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका, फोनवर माझ्याशी व्यवस्थित बोलले होते, जोक मारला होता, भूक लागत नाही एवढीच तक्रार. तेव्हा त्यांचा आकडा ८४ होता. मावशीला वाटलं यंत्र बिघडलंय, कारण समोरचा माणूस हसतोय आणि यंत्र म्हणतंय भलतंच, यंत्रावर कोण विश्वास ठेवणार. यंत्र बरोबर होतं. काका गेल्यावर तिने तो ऑक्सिमीटर फेकून दिला, कुणाला दिला नाही, ठेवला नाही, सरळ कचऱ्यात. म्हणजे एकच वस्तू, मी तिला बोटाला लावून झोपते आणि मावशीला तो लाल दिवा टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसला तरी ती चॅनल बदलते. साथीने लोकांची एन्झायटी वाढली असं जेव्हा कुणी एका वाक्यात म्हणतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुणाची? माझी की मावशीची? त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी ती भीती होती, जे होऊ शकलं असतं त्याची. तिच्या बाबतीत ते होऊन गेलं.

तर तो हात.

मला वाटतं साथीने आपल्याला नुसतं घाबरवलं नाही, घाबरल्यावर हातांनी काय करायचं ते शिकवलं. वीस सेकंद हात धुवा. मास्क लावा. दोन मीटर लांब उभे राहा. चौदा दिवस खोलीत. दाराची कडी पुसा, बाहेरून आणलेल्या पिशव्या पुसा (त्याचा फारसा उपयोग नव्हता हे नंतर कळलं, पण आम्ही महिनोन्महिने पुसत होतो, आणि खरं सांगायचं तर ते पुसताना फार शांत वाटायचं). भीती होती पण तिच्यासोबत कामांची यादी होती. यादी पूर्ण केली की आजचा दिवस आपल्याकडून तरी काही कमी पडलं नाही असं म्हणून अंथरुणावर पडता यायचं. त्या वासाची सुद्धा सवय झाली होती, सॅनिटायझरचा तो नाकात जाणारा थंड वास, आजही कुठे आला की माझे खांदे आपोआप वर जातात आणि त्याच वेळी कुठेतरी आत जरा सुरक्षित पण वाटतं. दोन्ही एकदम. हे कसं समजावून सांगायचं कुणाला.

युद्धाच्या भीतीला असली यादीच नाही. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर विमानं आहेत त्यांना आहे, तळघर कुठे, खिडकीपासून लांब कसं राहायचं, कागदपत्रांची पिशवी कुठे. पण लांब बसून नुसतं घाबरणाऱ्याला काय काम? मी काय पुसू? कुणापासून दोन मीटर लांब उभी राहू? एखाद्या नेत्याने दुसऱ्या नेत्याला काय धमकी दिली ते वाचायचं आणि मग उशी उलटी करून गार बाजूवर गाल ठेवायचा, एवढंच. तेव्हा हाताला जे जुनं काम येत होतं तेच त्याने केलं असणार. ऑक्सिजन मोजला.

आणि हे फक्त माझं नाहीये बहुतेक. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला त्यानंतर थोड्याच दिवसांत युरोपातल्या कितीतरी देशांत लोक आयोडीनच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांत रांगा लावायला लागले. त्या गोळीचं काम फार मर्यादित आहे, अणुभट्टीतून किरणोत्सारी आयोडीन हवेत सुटलं तर थायरॉइडला ते शोषण्यापासून वाचवायचं, बस. बॉम्बपासून ती वाचवत नाही, बाकीच्या किरणोत्सारापासूनही नाही, आणि धोका नसताना घ्यायचीही नसते. दुकानदार बिचारे हेच सांगत होते आणि लोक ऐकून घेऊन तरीही विकत घेत होते. आधी मी ते वाचून हसले होते. आता नाही हसत. खिशात गोळी असणं म्हणजे निदान काहीतरी केलं असणं. स्वीडनने २०१८ मध्ये घरोघरी एक पुस्तिका पाठवली होती, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची, आणि २०२४ च्या शेवटी परत नव्याने पाठवली. पाणी किती साठवायचं, रेडिओ कुठला ठेवायचा, अफवा कशी ओळखायची. काही लोक म्हणाले सरकार उगाच घाबरवतंय. मला उलट वाटतं, लोक घाबरलेले होतेच, त्यांच्या हाताला काम दिलं.

लंडनमध्ये २०१६ साली एक प्रयोग झाला होता तो मला फार पटतो. ४५ माणसं, प्रत्येकाला स्क्रीनवर दगड दाखवायचे, या दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला खराखुरा शॉक. दुखणारा. मधूनमधून शॉकची शक्यता बदलत राहायची आणि माणसांचा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या असं सगळं मोजत होते. शॉक बसणारच हे जेव्हा नक्की होतं तेव्हा लोक त्या मानाने शांत होते. सगळ्यात जास्त ताण कधी, तर बसेल किंवा नाही बसणार, निम्मं निम्मं असताना. हे वाचून मला काकांचे शेवटचे दिवस आठवले, कारण मावशी नंतर म्हणाली होती की फोन आला तेव्हा रडू आलंच पण त्याआधी जो आठवडा फोनकडे बघत काढला तो जास्त वाईट होता. असं बोलल्याबद्दल तिला स्वतःचीच शरम वाटली. शरम वाटायचं काही कारण नव्हतं. त्या प्रयोगातल्या ४५ माणसांना कुणी विचारलं असतं तर तेही हेच म्हणाले असते.

आता यावर ठरलेला सल्ला येतो, बातम्या बघू नका. मला हा सल्ला देणाऱ्यांचा हल्ली राग येतो, जरी त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले त्यानंतर अमेरिकेत एक पाहणी केली होती, त्यात पुढचा आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघणाऱ्यांना जो ताण आला तो प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला. घरात सोफ्यावर बसलेल्यांना! म्हणजे स्क्रीनमधून ते शिरतं हे खरंच. पण बंद करून काय होतं तेही मी बघितलंय. मी काही दिवस सगळं बंद केलं होतं, ॲप काढून टाकले, ग्रुप म्यूट केले, आणि मग लिफ्टमध्ये दोन माणसं हळू आवाजात बोलत असली तरी मला वाटायचं काहीतरी झालंय, रस्त्यावर नेहमीपेक्षा गर्दी कमी दिसली तरी वाटायचं काहीतरी झालंय. बातमी निदान एक असते, कल्पनेला अंतच नाही.

१९१८ च्या साथीत हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. महायुद्धाचं शेवटचं वर्ष, लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, फ्लूने सैनिक पटापट मरतायत हे छापलं तर लोकांचं मनोधैर्य खचेल म्हणून छापायचंच नाही. स्पेन युद्धात नव्हता, तिथे सेन्सॉर नव्हता, तिथल्या पेपरांत राजा आजारी पडल्याच्या बातम्या आल्या आणि मग त्या साथीला नावच पडलं स्पॅनिश फ्लू, जरी ती स्पेनमधून आलेली नव्हती. जगभरात अंदाजे पाच कोटी माणसं गेली म्हणतात. मी विचार करते, शेजारच्या घरातून एका आठवड्यात तीन प्रेतं निघतायत आणि पेपरात लिहिलंय घाबरण्यासारखं काही नाही, त्या बाईचं काय झालं असेल? तिला युद्धाची भीती आणि साथीची भीती एकाच दारातून येत होती, मुलगा आघाडीवर आणि नवरा तापाने फणफणलेला, आणि कुणी तिला काही सांगत नव्हतं. आपल्याला सगळेच सगळं सांगतायत, दर मिनिटाला. यातलं बरं कुठलं ते मला खरंच ठरवता येत नाही. बहुधा आपलंच. पण ते छातीला कसं समजावणार.

आणि कधीकधी बातमी खोटीच असते. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यांच्या फोनवर मेसेज आला की क्षेपणास्त्र येतंय, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. चुकून गेलेला होता. पण तो चुकीचा आहे हे सांगणारा दुसरा मेसेज यायला ३८ मिनिटं लागली. ३८ मिनिटं म्हणजे किती, घड्याळ लावून बसून बघा एकदा. लोकांनी बाथटबमध्ये मुलांना झोपवलं, कुणी मुलांना रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणातून खाली उतरवलं, कितीतरी जणांनी फोन करून निरोप घेतले. नंतर काही संशोधकांनी त्या काळातली ट्विट्स तपासली तेव्हा एक मजेशीर गोष्ट निघाली, जी माणसं आधीपासून काळजीखोर होती ती त्यामानाने लवकर सावरली, आणि जी बिनधास्त होती त्यांनाच ठिकाणावर यायला जास्त वेळ लागला. हे मी नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवलं. तो बिनधास्त गटातला. तो म्हणाला, म्हणजे तुला बरंय, तू कायमच प्रॅक्टिसमध्ये असतेस.

हसायचं ते हसलो पण भीती नुसती मनात राहत नाही, ती माणूस मारते हेही आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं टाकली, त्यात विषारी वायू असणार अशी सगळ्यांची खात्री होती म्हणून घरोघरी मास्क आणि अ‍ॅट्रोपिनची, म्हणजे त्या वायूवरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं वाटलेली. वायू एकातही नव्हता. त्या काळात हॉस्पिटलांत १,०५९ लोक आले, त्यातले थेट स्फोटाने जखमी झालेले २३४, नुसत्या तीव्र भीतीने आलेले ५४४, आणि साधारण २३० जणांनी गरज नसताना घाबरून स्वतःला ते इंजेक्शन टोचून घेतलेलं. काही जण तर मास्कच्या फिल्टरचं झाकण न काढताच तो घालून बसले आणि गुदमरून गेले. वाचवायला दिलेली वस्तू. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या माणसांचाच विचार करत होते, सीलबंद खोलीत, चिकटपट्ट्या लावलेल्या दारामागे, श्वास कोंडतोय आणि वाटतंय की वायू आत आला, म्हणून मास्क आणखी घट्ट धरतायत. हाताला काम देणं चांगलं असं मी मघाशी म्हटलं ना, त्याची ही दुसरी बाजू.

माझ्या आईला मात्र युद्धाची भीती वाटत नाही, हे मला अजून कोडं आहे. साथीच्या वेळी जी बाई दिवसातून तीनदा बोटं चोळत होती ती युद्धाच्या बातम्या हवामानाच्या बातम्या बघाव्यात तशा बघते. मी म्हटलं, "आई, बंद कर ना गं ते." तर म्हणे, "तुला काय माहिती, आम्ही काळे कागद लावून झोपलोय." तिच्या लहानपणी युद्ध झालं तेव्हा खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, भोंगा वाजला की दिवे बंद, आणि तिला त्यातलं जे आठवतं ते म्हणजे खळीचा वास, अंधारात भावंडांनी एकमेकांना मारलेले चिमटे आणि दुसऱ्या दिवशी शाळा नाही याचा आनंद. तिच्या आईला काय वाटत असेल ते तिने कधी विचारलं नाही. मी विचारलं की "आजी घाबरली नव्हती?" तर ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ती रात्रभर दाराशी बसून असायची. मला वाटायचं तिला उकडतंय."

मोठ्यांची भीती मुलांना अशी वेगळ्याच वेशात दिसत असणार. माझी लेक तिसऱ्या महायुद्धाचे मीम्स पाठवते. जानेवारी २०२० मध्ये, अमेरिकेने इराणचे लष्करी अधिकारी सुलेमानी यांना मारलं तेव्हाही असेच मीम्सचे ढीग आले होते, तिसरं महायुद्ध हा शब्द सगळीकडे ट्रेंड होत होता, आणि आम्ही सगळे तिकडे बघत होतो. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी, ३१ डिसेंबरला, वुहानमध्ये कसल्यातरी न्यूमोनियाचे पेशंट सापडल्याची खबर जागतिक आरोग्य संघटनेला कळली होती. ती बातमी मी वाचली की नाही तेही आठवत नाही. म्हणजे मी रात्र रात्र जागून ज्याला घाबरले ते आलंच नाही आणि जे आलं त्याचा मला पत्ताही नव्हता. यावरून निष्कर्ष काढायला गेलं तर घाबरूच नये असा निघत नाही, उलट कुठे बघून घाबरायचं तेही आपल्याला कळत नाही असा निघतो, आणि तो जास्त वाईट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात एन्झायटी आणि डिप्रेशनचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, बायका आणि तरुण मुलं यांना जास्त झळ. आकडा खराच असणार. पण १९४० मध्ये लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडायला लागायच्या आधी तिथल्या जाणकारांचाही अंदाज होता की शरीराने जखमी होतील त्यांच्यापेक्षा मनाने कोसळतील तेच लोक जास्त असतील, त्यासाठी खाटा तयार ठेवल्या, आणि तेवढे लोक आलेच नाहीत. त्याचे दोन अर्थ मी लावते, दिवस बघून. बऱ्या दिवशी वाटतं माणूस चिवट आहे. वाईट दिवशी वाटतं आले नाहीत म्हणजे काय, दाराशी बसले असतील, उकडतंय असं मुलांना वाटू देत.

माझ्या ऑनलाइन कामाच्या टीममध्ये एक जण कीवचा, म्हणजे युक्रेनच्या राजधानीतला आहे. सुरुवातीच्या दिवसांत मीटिंग चालू असताना त्याच्या बाजूने भोंगा ऐकू यायचा, आम्ही सगळे दचकायचो आणि तो "एक मिनिट" म्हणून लॅपटॉप घेऊन कॉरिडॉरमध्ये जाऊन जमिनीवर बसायचा. तिथे दोन भिंतींचा नियम आहे, तुमच्यात आणि बाहेरच्यात निदान दोन भिंती हव्यात, एक स्फोटाचा मार खाईल आणि दुसरी उडणारे तुकडे अडवेल. पुढे पुढे तो उठेनासा झाला. भोंगा वाजायचा, तो माइक म्यूट करायचा आणि आमचं बोलणं ऐकत राहायचा, बस. मला त्याचं धाडस वाटायचं, नंतर कळलं की ते धाडस वगैरे नाही, तो थकलाय, रात्रीची झोप नाही आणि प्रत्येक वेळी उठायचं तर काम कधी करणार. मोठा हल्ला झाल्याची बातमी आली की मी त्याला मेसेज करते, ठीक आहेस ना. त्याचं उत्तर ठरलेलं, ठीक आहे, टीव्हीवर जास्त दाखवतात. मला ते कधी खरं वाटलं नाही. आणि खरं सांगू, ते मेसेज मी त्याच्यासाठी करते की माझी छाती मोकळी व्हावी म्हणून, हे मला नीट माहीत नाही. मला शरमही वाटते, मी इथे सुखरूप, दिवे चालू, आणि घाबरते मी.

मध्यंतरी कोविडचा कुठलातरी नवा व्हेरिएंट आल्याच्या बातम्या दोन-चार दिवस चालल्या होत्या. नेहमीसारख्या, लाल अक्षरात, जुनेच फोटो लावून. एका सकाळी फोन उघडला तर कीवहून मेसेज, तुमच्याकडे आकडे वाढतायत असं वाचलं, तुझी आई कशी आहे, तिला गर्दीत पाठवू नकोस. त्या रात्री त्याच्या शहरावर ड्रोन आले होते, ते मी नंतर वाचलं. मी लिहिलं, अरे काही नाही, आई मजेत आहे, टीव्हीवर जास्त दाखवतात. त्याने एक हसरा चेहरा पाठवला. मग आम्ही कामाच्या एका फाइलवर आलो जी गेल्या आठवड्यातच त्याच्याकडून यायची होती आणि तो म्हणाला आज रात्री नक्की देतो, वीज असली तर.